छत उघडून चौकापर्यंत

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच वाईट वाटेल, कारण ज्यांचा माझ्यावर पटकन विश्वास बसला, त्या सगळ्यांना पुढे आयुष्यात कुणी ना कुणी गंडवलेलं आहे. तेव्हा शंका घेत ऐका. फक्त मध्ये बोलू नका.

हेच मी परवा भाचीच्या नव्या सुनेलाही बजावलं. भाची म्हणजे आमच्या आक्काची लेक. आक्का हल्ली तिच्याचकडे असते. नवी सून चहाचे कप गोळा करता करता भिंतीवरच्या फोटोपाशी थबकली आणि म्हणाली, “मामाआजोबा, ही एवढी मोठी गाडी कुणाची?”

आक्का शेजारच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडली होती. मी तिच्या चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र हलवून पाहिलं. पापणी हलली नाही. म्हटलं, साक्षीदार झोपलाय. गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ मिळायची नाही.

“बस,” मी सूनबाईला म्हणालो. ती बसली.

गाडी आमच्या भाऊजींची, म्हणजे आक्काच्या यजमानांची. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जन्मलेली. कंपनीने असल्या गाड्या मोजक्याच काढल्या, कारण घ्यायला कुणी आलंच नाही. दुर्मिळ होण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग; विमा कचेरीत मी स्वतः याच मार्गाने दुर्मिळ झालो होतो. लांबी अशी की पुढचे दिवे गल्लीच्या तोंडाशी पोचले तरी मागचे अजून घरून निघायचे असत. रंग सायीचा. चार दारं. आणि छत उघडणारं. आता उघड्या छताच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. छत दुमडलं की सगळं सपाट, खिडक्यासुद्धा दारात गडप. हिची तऱ्हा निराळी. छत मागे जायचं, पण खिडक्यांच्या चौकटी, काचा, मधले खांब, सगळं जागच्या जागी उभं. म्हणजे वादळात घराचं छप्पर उडालंय आणि आतली मंडळी मात्र खिडक्या लावून गप्प बसलीत, तसा देखावा.

भाऊजींनी ती भंगारातून उचलली आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं तिच्यावर घातली. पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला, चाकं फिरती केली, ब्रेक बसवले, बैठका नव्या केल्या. संध्याकाळ झाली की ते आणि आक्का शेडमध्ये जाऊन गाडीत बसत. शेडचं दार आतून लावलेलं. थोड्या वेळाने आतून इंजिनाचा आवाज येई; आधी खोकल्यासारखा, मग भरदार घुर्रर्र. आख्खी सोसायटी याला साक्ष आहे. आमचे हेडमास्तर तर त्या आवाजावर फिरायला निघत. राहिलं होतं ते फक्त छत. आणि ते शिवायच्या आधीच भाऊजी गेले.

मग ठरलं ते असं की आक्काने लेकीकडे राहायला जायचं आणि गाडी जुन्या गाड्यांच्या एका संग्रहालयाला द्यायची. संग्रहालयाचा ट्रक रविवारी येणार. आक्का सगळ्याला हो म्हणाली. घर आवरलं, भांडी वाटली, पडदे काढले, कुठे रडली नाही, भेकली नाही. शेवटी मला बोलावलं.

“धाकट्या, त्यांनी मला कबूल केलं होतं. छत उघडून चौकापर्यंत नेईन म्हणून. तेवढं एकदा झालं की न्या गाडी कुठे न्यायची ती.”

आक्काने जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. बोट धरून मला चालायला शिकवलं ते तिने. मी पडलो की जमिनीलाच चापट मारायची. “हात्तिच्या! एवढंच ना?” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्ती या एकाच वाक्याने सुरू झालेल्या आहेत.

अडचण पहिली: आक्काच्या मानेला पट्टा होता. डॉक्टरांनी बजावलेलं, मानेला जरासुद्धा हिसका नको. इकडेतिकडे बघायचं तर ती सगळी उभीच्या उभी वळायची, परेडमधल्या हवालदारासारखी. मागे बघायचा तर प्रश्नच नव्हता.

अडचण दुसरी पाहायला मी शेडमध्ये गेलो आणि गाडीचं बॉनेट उघडलं. पाहिलं. आणि अदबीने बंद केलं.

“काय होतं आत?” सूनबाईने विचारलं.

“इंजिन,” मी म्हणालो. “पण काय इंजिन! इतकं स्वच्छ की तेलाचा एक डाग नाही. हात लावला तर मऊ. ऊबदार. असं इंजिन मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यावर मी कुणापाशी फार बोललो नाही. चांगल्या गोष्टीला दृष्ट लागते.”

बोललो ते फक्त हेडमास्तरांशी आणि तळमजल्यावरच्या नेमक्यांशी. नेमके हे त्यांचं आडनाव नव्हे. प्रत्येक वाक्य ते ‘नेमकं सांगायचं तर’ असं सुरू करत आणि नेमकं काहीच सांगत नसत, म्हणून ते नाव. आम्ही तिघं शेडमध्ये बराच वेळ कुजबुजलो. काय कुजबुजलो ते इथे गरजेचं नाही. हेडमास्तर एवढंच म्हणाले, “चौकापर्यंत उतार आहे,” आणि नेमके म्हणाले, “नेमकं सांगायचं तर पोस्टापर्यंत सपाट आहे, उतार पुढे आहे.” तेव्हापासून दोघंही सकाळी गच्चीवर दंड-बैठका काढताना दिसू लागले. माणसाला कधी आरोग्याची आठवण होईल, सांगता येत नाही.

आता छत. लोखंडी सांगाडा शाबूत होता, कापड चिंध्या झालेलं. गाड्यांच्या बैठका शिवणारा कारागीर बाहेरगावी गेलेला, ट्रक तर दारात येऊ घातलेला. तेव्हा आम्ही आमच्या नेहमीच्या शिंप्याला बोलावलं. हा जन्मभर कोट शिवत आलेला माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाला, “छाती कुठून धरायची?”

“कुठूनही धर,” मी म्हणालो.

“आतून खिसा ठेवू? कामाला येतो.”

खिसा नको म्हटलं. पण तेवढ्यात आमची ही तिथे आली. हिचा एक सिद्धांत आहे: शिवायचं ते वाढत्या अंगाचं. आमच्या मुलांचे गणवेश वाढत्या अंगाचे, उशांचे अभ्रे वाढत्या अंगाचे. माझा लग्नातला कोटसुद्धा तसाच, अजून मी त्यात वाढतोच आहे. ही शिंप्याला म्हणाली, “चांगलं ऐसपैस शिवा हो. धुतल्यावर आटतं कापड.”

“अगं, गाडी वाढणार आहे का?” मी ओरडलो.

“कापड आटणार आहे,” ही म्हणाली. “तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

शिंपी हिचा जुना भक्त. त्याने ऐसपैस शिवलं. सूनबाई, त्या छताखाली गाडी दिसेना. थोरल्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखी ती शेडमध्ये उभी राहिली, बाह्या लोंबतायत, गळा पडलेला. (हसू नकोस. माझ्या गोष्टी खोट्या असतात असं लोक म्हणतात. खोट्या नसतात, वाढत्या अंगाच्या असतात. ऐकणारा मोठा झाला की नेमक्या बसतात.)

“धुवून आटवा,” ही शांतपणे म्हणाली.

गच्चीवर छत धुण्याचा तो सोहळा सगळ्या सोसायटीने पाहिला. कढत पाणी ओतलं. आम्ही पिळायला लागलो. एका टोकाला मी नि नेमके, दुसऱ्याला हेडमास्तर. नेमके एका दिशेने पीळ देत, हेडमास्तरही नेमक्या त्याच दिशेने, त्यामुळे छत तसंच ओलं राहिलं आणि मधल्या मध्ये मी पिळला गेलो. वाळत घातलं तर खालच्या दोन मजल्यांना दुपारभर सूर्य दिसला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, सामाईक जागेत तंबू ठोकायची परवानगी कुणी दिली?

आणि वाळल्यावर ते आटलं. असं आटलं म्हणता! हिचा सिद्धांत खरा निघाला याचा आनंद हिच्या चेहऱ्यावर मावेना. सांगाड्यावर चढवायला चार जणांनी चारी कोपरे ताणले, तेव्हा कुठे पुढची कडी लागली. कापड डफासारखं ताठ. टिचकी मारली तर वाजायचं. आणि कडीला नुसता धक्का लागला की अख्खं छत ‘फटाक्’ करून मागे दुमडायचं, जणू कुणी शिंकलं. मी म्हटलं, उत्तम! आपल्याला छत उघडायचंच आहे. मिटायचंय कुणाला?

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी कायद्याने चालणारा माणूस. एवढी मोठी गाडी रस्त्यावर आणायची तर विचारलेलं बरं, म्हणून वाहन खात्यात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, “उघडी की झाकलेली?”

“उघडी,” मी म्हणालो.

“मग खिडक्या नसतील.”

“आहेत.”

“म्हणजे झाकलेली.”

“छत नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, आमच्याकडे उघडी आहे आणि झाकलेली आहे. खिडक्या आहेत नि छत नाही, असा प्रकार आमच्याकडे नाही.”

“माझ्याकडे आहे,” मी नम्रपणे म्हणालो. नम्रपणाने सरकारी माणूस जितका चिडतो तितका शिवीने चिडत नाही. रविवारी सकाळी साहेब स्वतः तपासणीला हजर झाले; सरकारी टोपी, हातात छडी.

रविवारी आम्ही सगळे तयार होतो. मी टाय लावलेला. आक्का ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून, पट्ट्यातून मान ताठ ठेवून पायरीवर उभी. आणि हे महाशय बॉनेटकडे निघाले.

“उघडू नका, साहेब!” मी आडवा गेलो. “ऊब आहे आत!”

यातला शब्दन् शब्द खरा होता, हे लक्षात ठेव.

साहेबांनी हात मागे घेतला. “बरं, आत बसून बघतो.” बसले. दुर्दैवाने दार जोरात ओढलं. कडी सुटली. फटाक्! छत मागे गेलं आणि जाताना साहेबांची टोपी घेऊन गेलं. आता ती टोपी त्या घड्यांच्या आत, आणि छत इतकं आटलेलं की उलगडायला पुन्हा चार जण आणि एक दुपार हवी. साहेब डोक्यावरून हात फिरवत राहिले. सरकारी टोपी हरवली तर खात्याला उत्तर द्यावं लागतं. त्यांनी थोडा विचार केला आणि जाहीर केलं, “टोपी आहे तिथे मी आहे. चला.”

अशी ती स्वारी निघाली. सुकाणूवर मी. मागे बैठकीच्या बरोबर मध्ये आक्का. वरचा आरसा मी माझा भांग बघायला स्वतःकडे वळवून घेतला होता. आणि गाडीच्या मागे हेडमास्तर, नेमके, शिंपी, आमची ही, आणि टोपीच्या पाठपुराव्यात साहेब.

“मामाआजोबा,” सूनबाई फोटोजवळ जाऊन म्हणाली, “ही मागची माणसं अशी वाकलीत का?”

“अदबीने,” मी म्हणालो.

“सगळ्यांचे हात डिकीवर आहेत.”

“कौतुकाने. गाडीच तशी होती, हात लावावासा वाटणारी. तू पुढे ऐक.”

गाडी सुरू झाली. काय सांगू, आवाज नाही! धूर नाही! अमेरिकेचं इंजिन ते. पाण्यावरून नाव निघावी तशी निघाली. हेडमास्तर मागून “एक, दोन, हं! एक, दोन, हं!” करत होते, कारण त्यांना व्यायामाची जुनी सवय. आक्काने विचारलं, “धाकट्या, मागे कोण आहे रे?”

“कुणी नाही. लोक आहेत,” मी म्हणालो.

“हळू घे हो. माणसं दमतील.”

“कोण माणसं?”

“रस्त्यातली,” आक्का म्हणाली.

गल्ली सरली. धोब्याच्या दुकानातून धोबी बाहेर आला, इस्त्री हातात तशीच. बसच्या थांब्यावरची रांग मोडली. लोकांना वाटलं हीच बस. दवाखान्याच्या खिडकीतून डॉक्टरांनी पाहिलं आणि आपल्या मानेवर बोट ठेवून मला दम भरला. मी त्यांना दाखवून दिलं की हिसका नाही, झटका नाही. पाळण्यातल्या बाळाला कळलं नसतं अशी गाडी चालली होती. फक्त दर थोड्या वेळाने ती आपोआप थांबायची, मागे कुणीतरी खोकायचं, पाणी प्यायचं, आणि ती पुन्हा आपोआप निघायची. जुन्या इंजिनांना अशी विश्रांती लागते.

पोस्टापाशी उतार लागला आणि सूनबाई, त्या इंजिनाच्या अंगात आलं! मागची मंडळी मागेच राहिली. “टोपी! माझी टोपी!” करत साहेब धावत होते, त्यांच्यामागे नेमके, “नेमकं सांगायचं तर ब्रेक दाबा!” म्हणून ओरडत होते. ब्रेक होते. भाऊजींनी हातांनी बसवलेले, घासून, तपासून. मी पाय ठेवला मात्र, गाडी अशी अलगद मंदावली की जणू कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, सावकाश, घाई कसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने. छत उघडं होतं, वारा लागायचाच.

चौकात मधोमध गाडी उभी राहिली. फोटोवाला दुकानातून धावत आला. मागची मंडळी धापा टाकत पोचली आणि पुन्हा कौतुकाने डिकीवर वाकली, आता थोडी जास्तच. मी म्हणालो, “आक्का, आला चौक.”

मी वळून पाहिलं. आक्काने मानेचा पट्टा काढून मांडीवर ठेवला होता आणि मान वर करून ती आभाळाकडे बघत होती. दोन्ही बाजूंना खिडक्या, वर काही नाही. बराच वेळ बघत होती. साहेबसुद्धा टोपीचं बोलले नाहीत. मग तिने पट्टा पुन्हा बांधला, शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाली, “झालं. उतरव मला.”

परतीला चढ होता. तेव्हा संग्रहालयाचा ट्रक चौकातच बोलवावा असा मुत्सद्दी निर्णय मी घेतला. गाडी तिथूनच गेली. साहेबांची टोपी अजून त्या संग्रहालयात छताच्या घडीत आहे. आणि हेडमास्तर आठवडाभर पाठ शेकत होते, ते वेगळ्या कारणाने.

“तर असं हे इंजिन होतं,” मी समारोप केला. “तसा बिनआवाजी कारभार पुन्हा झाला नाही. आणि आक्काला अजून पत्ता नाही की त्या गाडीत—”

“इंजिन कसलं?” आरामखुर्चीतून आवाज आला. डोळे मिटलेलेच. “खोटारडा! बॉनेटखाली माझ्या रजया होत्या. कपाटात जागा नव्हती म्हणून मीच रचलेल्या. गेल्या गाडीबरोबर. इथे आल्यावर पहिला हिवाळा मी चादरींवर काढला.”

सूनबाईने पदर तोंडाला लावला. मी घसा साफ केला.

“म्हणजे तुला माहीत होतं? लोक ढकलत होते ते?”

“मान वर करता आली, तर मागे वळवता आली नसती का?”

“मग वळून पाहिलं का नाहीस?”

“पाहिलं असतं तर तुम्ही सगळे थांबला असतात.”

पण एक गोष्ट अजून माझ्या बाजूने शिल्लक होती. “आणि संध्याकाळचा तो घुर्रर्र?” मी विचारलं. “आख्ख्या सोसायटीने ऐकलेला?”

आक्काने डोळे उघडले आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“ते तोंडाने काढायचे,” ती म्हणाली. “वळण आलं की हॉर्नसुद्धा. आणि तू मेल्या, चौकापर्यंत नेलंस, पण साधा एक घुर्र काढला नाहीस.”